फ्लेक्सवरच्या सावल्या

वारा पडून चार-सहा दिवस झाले होते. ऑक्टोबरचा उकाडा मढच्या त्या टोकावर ओल्या गोधडीसारखा पडून होता. आभाळ दाटलेलं, पण पडायचं नाव नाही. खाडीचं पाणी तर असं सपाट, की कुणी वर तेल ओतलंय की काय वाटावं. एरवी चहासारखं गढूळ असणारं ते पाणी गाळ खाली बसल्यामुळे निवळून हिरवट झालं होतं. शिवदास धुरीने टेम्पोतून दिव्याचा पहिला स्टँड उतरवला तेवढ्यात त्याच्या मानेवरचा घाम ओघळून पाठीत उतरला, आणि अजून उन्हं वर यायची होती.

शिवदास लाइटमन. शूटिंगमध्ये हिरो-हिरॉइनच्या तोंडावर जो उजेड पडतो, तो शिड्यांवर, बांबूंवर, झाडांवर चढून जी माणसं पाडतात त्यांच्यातला. वडील मालवणजवळच्या गावातून येऊन परळच्या गिरणीत लागलेले. संप झाला, गिरणी गेली, बिऱ्हाड बोरिवलीला काजूपाड्यात आलं, आणि पोरगा दहावीनंतर अंधेरीच्या एका गोडाउनात दिवे पुसायला राहिला. तेव्हापासून त्याचं सगळं आयुष्य दिव्यांच्या संगतीत गेलं. भुवया दोनदा जळाल्या, एकदा शॉक लागून शिडीवरून फेकला गेला, लग्नाच्या आदल्या दिवशीही तो कुठल्या तरी मालिकेच्या सेटवर उजेड अडवायचा काळा कटर धरून उभा होता. बायको म्हणायची, ह्यांच्या अंगाला तापलेल्या काचेचा वास येतो.

दिवसातला पहिला दिवा पेटला की शिवदास हात जोडायचा. युनिटमधली नवी पोरं आधी हसायची, मग महिन्याभरात तीही जोडायला लागायची. ही सवय गावची. लहानपणी मे महिन्यात गावी गेले की तिन्हीसांजा झाल्यावर वडील कंदील घेऊन पुढे चालायचे, मागून शिवदास आणि त्याची धाकटी बहीण कुंदा. वडील सांगायचे, उजेड असला की जनावर वाटेत येत नाही. जनावर म्हणजे साप, काळोखात त्याचं नाव घ्यायचं नसतं. उजेडाने त्याचे डोळे दिपतात आणि ते आपणहून बांधाच्या बिळात जातं. कंदिलाच्या गोलात जेवढी जमीन, तेवढी आपली. हे शिवदासच्या हाडात मुरलेलं होतं.

बंगला जुना, खाडीच्या तोंडाशी. समोर पाण्यापलीकडे वर्सोवा. मागच्या अंगाला पायऱ्या उतरल्या की लाकडी फळ्यांची जेट्टी आणि तिच्या डाव्या हाताला तिवरांची दाट रांग. कुठल्याशा वेब सिरीजचं काम चाललं होतं. सूर्य बुडल्यावर थोडा वेळ जो निळा उजेड राहतो, त्या उजेडात हिरॉइन जेट्टीच्या लोखंडी शिडीने पाण्यात उतरते, मान बुडवते आणि दिसेनाशी होते, असा शॉट होता. हिरॉइनला पोहता येत नव्हतं. तिच्या जागी पाठमोरी उतरणार होती मनाली, कुंदाची मुलगी.

हे काम शिवदासनेच आणलेलं. सुलक्षणा म्हणून असिस्टंट डायरेक्टर होती, तिला पोहणारी मुलगी हवी होती आणि शिवदास अभिमानाने बोलून गेला होता की आमची मनाली राज्यपातळीवर पोहलेली आहे. मनाली तर ऐकल्यापासून नाचत होती. पोहण्याने आजवर तिला पदकं मिळाली होती, दार कुठलंच उघडलं नव्हतं. हे एक उघडत होतं. कुंदा मात्र राजी नव्हती. बोरिवलीत तिचं पोळीभाजीचं दुकान, सकाळपासून तव्यापुढे उभी असायची, बोलणंही तसंच चटका बसेल असं. भावाशी ती अजून गावच्याच बोलीत बोलायची. आदल्या संध्याकाळी कणकेचे हात तसेच ठेवून ती त्याला म्हणाली होती, "माझा चेडू तुझ्या भरवशार धाडतंय हां, दादा. समुद्र म्हणजे काय म्युन्सिपाल्टीचो तलाव नाय."

तो म्हणाला होता, मी आहे ना. एवढंच.

केबल ओढत शिवदास जेट्टीच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या आवारात पास्कोल नावाचा म्हातारा, मढचाच ख्रिस्ती कोळी, जाळं साफ करत बसला होता. त्याने दोन्ही हातांना कोपरापर्यंत जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. शिवदासने हातांना काय झालं म्हणून विचारलं. पास्कोलने मान वर न करता सांगितलं की पाणी निवळल्यापासून जाळ्यात काच येतेय. काच म्हणजे काय, तर दिसत काही नाही, हाताला चरचरून लागतं. परवा सुनेने पायरीवर जाळं खंगाळलं, ती अजून हात उशीवर ठेवून झोपते. मग त्याने शूटिंगच्या सामानाकडे, शिडीकडे, पाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. पाण्यात कुणी उतरणार आहे का, एवढंही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर शिवदासला बरं वाटलं असतं.

काच म्हणजे काय ते शिवदासच्या लक्षात आलं होतं. त्याची मुलगी दिशा विलेपार्ल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. मागच्या रविवारी जेवताना ती जेलीफिशचंच पुराण लावून बसली होती. परीक्षा जवळ आली की ती बापाला धरून शिकवायची. त्याला समजलं म्हणजे मला समजलं, असा तिचा हिशेब.

"बाबा, तू आपल्या घराची वायरिंग बघ," ती म्हणाली होती. "मीटर, मग मेन स्विच, मग सगळे फाटे. आपला मेंदू म्हणजे तो मेन. जेलीफिशला मेनच नाही. अंगभर नुसतं वायरींचं जाळं, आणि अंगाची जी छत्री असते तिच्या काठाने एक गोल वायर. जिथे काही लागलं तिथलं जाळं जागं होतं, ते पुढच्याला कळवतं, छत्री आकसते. झालं. आत साहेब कोणी नाही."

शिवदासला हे भारीच वाटलं होतं. मेनशिवाय चालणारं घर. मग ती म्हणाली की बहुतेक जातींना उजेड आणि काळोख एवढंच कळतं, पण एक चौकोनी जात असते, पेटीसारखी, बॉक्स जेलीफिश. तिला डोळे असतात. चार बाजूंना चार देठ, एकेका देठावर सहा डोळे, मिळून चोवीस. त्यातले काही नुसते खळगे आणि भेगा, पण प्रत्येक देठावरचे दोन आपल्यासारखे, आत भिंग, मागे पडदा. देठाच्या बुडाला एक जड कण असतो, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. त्यामुळे प्राणी आडवा होवो नाहीतर उलटा, देठ सरळच लोंबतो आणि त्यावरचा एक डोळा कायम वर बघत राहतो, पाण्यातून वर, आभाळाकडे. परदेशात तिवरांमध्ये राहणारी एक जात त्या डोळ्याने झाडाची सावली शोधते. तिला बारीक काही दिसत नाही, सगळं पुसट. खांब, काठ, सावली, एवढंच. पण कुणी टाकीत पट्टे लावून पाहिलं, तर दोन-चार धडका खाल्ल्यावर ती पट्टे चुकवायला शिकली. मेंदू नसताना.

शिवदास घास हातात धरून बसला होता. "मग बघतो कोण?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"डोळ्यांना दिसतं ते आत कोणाला दिसतं? साहेब नाही म्हणालीस ना."

दिशा हसली. म्हणाली, हे परीक्षेत विचारत नाहीत. मग ती पुढे सांगायला लागली, "आणि ह्या पेट्यांचं उजेडाशी असं असतं की..." एवढ्यात शिवदासचा फोन वाजला. प्रॉडक्शनचा होता, ह्याच कामाचा. तो फोन घेऊन गॅलरीत गेला. परत आला तेव्हा ताटं उचललेली होती आणि दिशा दुसरंच काही वाचत होती.

दुपारी भरती चढल्यावर तालीम झाली. उन्हात मनाली चार वेळा शिडीने उतरली, बुडली, दहा हात पलीकडे वर आली, आणि प्रत्येक वेळी दात काढून हसत फळीवर चढली. कुठे काही नाही. शिवदासची छाती जरा हलकी झाली. पण ऊन कलायला लागलं, तिवरांची सावली लांब होऊन जेट्टीखाली शिरली आणि पाणी काळं दिसायला लागलं, तशी मनाली टॉवेल गुंडाळून त्याच्याजवळ येऊन बसली.

"मामा, एक सांगू? हसू नको."

"बोल."

"तलावात खाली लाद्या दिसतात ना. इथे खाली काहीच दिसत नाही यार. पाय सोडला की कुठे सोडला तेच कळत नाही."

शिवदास हसला नाही. त्याला वाटलं, एवढंच ना. पोरीला भीती काळोखाची आहे आणि आपला धंदा उजेडाचा आहे. शिवाय त्याच्या मनात सकाळपासून पास्कोलच्या चिंध्या होत्या, आणि दिशाचे ते चोवीस डोळे. डोळे आहेत म्हणजे दिपतील. दिपतील म्हणजे पळतील. ज्याला डोळा आहे ते उजेडापासून लांब जातं, ही त्याची बालपणापासूनची खात्री.

त्याने कुणाला विचारलं नाही. गोडाउनमधून पाण्यात चालणारा एक एलईडी पॅनल आला होता, लागलाच तर म्हणून. तो त्याने दोरीने शिडीजवळ हातभर पाण्यात सोडला. विजेचा खोका वर फळीवर, खाली फक्त जाड वायर आणि दिवा. मागे तिवरांच्या बाजूचं काळं पाणी उजेड पिऊन टाकतं असं दिसल्यावर त्याने टेम्पोतला जुना फ्लेक्स काढला. कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा होता. रंगीत बाजू तिवरांकडे, पांढरी बाजू शिडीकडे, असा तो त्याने दोन खांबांच्या मध्ये पाण्यात ताणून बांधला. मग खटका दाबला. जेट्टीखालचं पाणी आतून उजळलं, हिरवं, स्वच्छ. शिडीच्या पायऱ्या तळापर्यंत दिसायला लागल्या. शिवदासने हात जोडले. मनाली फळीवर पोटावर पडून खाली बघत राहिली आणि म्हणाली, झकास.

कॅमेरामन तर खूशच झाला. पाण्याला आतून उजेड आला की शॉटला जीव येतो, राहू दे तसाच, म्हणाला. आणि दिवा तसाच राहिला. हिरॉइनचे केस मनालीसारखे करायचे की मनालीचे हिरॉइनसारखे, ह्यावर वेळ गेला. मग ड्रोन उडेना. सूर्य वर्सोव्याकडे न बघता समुद्रात बुडाला, तिवरांतले बगळे एकाएकी उठून गेले, आणि तो दिवा पाण्यात एकटा जळत होता. भरती पूर्ण भरून पाणी थांबलं होतं. खाडीत दुसरा उजेड त्या बाजूला नव्हताच.

आपल्या दिव्याकडे अधूनमधून बघायचं, ही लाइटमनची खोड. बघायचं ते दिव्याकडे नाही, त्याची सावली कुठे पडते तिकडे. शिवदासने वाकून फ्लेक्सकडे पाहिलं. पांढऱ्यावर लाटांच्या बारीक रेघा सरकत होत्या. त्यांच्यात एक जरा गडद डाग होता. चौकोनी, कडा पुसट, खाली झिरमिळ्या. डाग उघडमीट करत होता. शिवदासला वाटलं प्लॅस्टिकची पिशवी. त्याने दिवा आणि फ्लेक्स यांच्यामधलं पाणी पाहिलं, जिथे ती पिशवी असायला हवी. तिथे काही नव्हतं. नुसतं उजळलेलं पाणी.

पुन्हा फ्लेक्सकडे पाहिलं तर दोन डाग होते. मग बाजूने तिसरा आला. लाटेची सावली धावते आणि फुटते. ह्या धावत नव्हत्या. एक सावली शिडीच्या खांबाच्या सावलीपाशी आली, थबकली, आकसली, आणि खांबाला न शिवता वळसा घालून पलीकडे गेली. तिच्यामागची दुसरीही तशीच वळली, त्याच जागी. भिंतीचा कोपरा ठाऊक असलेल्या माणसासारखी. फ्लेक्सच्या कडेला, जिथे उजेड संपून काळोख लागत होता, तिथून आणखी येत होत्या. सगळ्यांचं तोंड दिव्याकडे.

शिवदास आपसूक उठला आणि त्याने खटका बंद केला.

पाणी एकदम काळं झालं. कॅमेऱ्यामागून शिवी आली. सुलक्षणा धावत आली, लाइट का गेला म्हणून. मनाली गाऊन घालून शिडीच्या तोंडाशी तयार उभी होती, एक पाय पहिल्या पायरीवर. शिवदासने सांगितलं, पाण्यात जेलीफिश आहेत, हिला उतरवायचं नाही. सुलक्षणा वाईट बाई नव्हती. तिने लगेच कॅमेरामनला हाताने थांबवलं आणि म्हणाली, दाखवा दादा, असेल तर शॉट रद्द. दिवा पुन्हा लावला. दोघे-तिघे फळीवर गुडघे टेकून वाकले. इतक्या जणांच्या वजनाने जेट्टी हलली, पाणी डचमळलं, आणि फ्लेक्सवर नुसता रेघांचा गोंधळ झाला. आणि पाणी? पाणी काचेसारखं. तळापर्यंत स्वच्छ.

"दादा, काहीच नाही हो," सुलक्षणा म्हणाली. आकाशाकडे बघून म्हणाली, "उजेड चाललाय."

शिवदास बोट दाखवत होता आणि बोटापुढे काही नव्हतं. तो सांगत होता की ते दिसत नाहीत, त्यांची सावली दिसते, आणि हे आपल्याच कानाला किती खुळ्यासारखं लागतंय ते त्याला कळत होतं.

मनालीने त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता. "मामा, आईने फोन केला ना तुला? खरं सांग. मला उतरू द्यायचं नाही असं ठरलंय ना तुमचं?"

"नाही गं बाय."

"मग दुपारी चार वेळा उतरले तेव्हा कुठे होते तुझे जेलीफिश? आज पहिल्यांदा मला कोणी बोलावलंय. मी उतरते," ती सुलक्षणाकडे वळून म्हणाली, "तुम्ही रोल करा." आणि तिने दुसरा पाय खालच्या पायरीवर टाकला. तिच्या गाऊनची किनार पाण्यावर पसरली.

तिला ओढायला तो पोचला नसता. ओढलं असतं तरी ती दुसऱ्या बाजूने उडी मारेल अशी पोरगी. शिवदास फळीवर आडवा झाला आणि त्याने उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला, दिवा आणि फ्लेक्स यांच्या मधोमध, तिच्या पायाच्या आधी.

"हे काय करतोस?" मनाली म्हणाली आणि थांबली.

पाणी कोमट होतं. काही झालं नाही. आणखी काही झालं नाही. हात उजेडात पांढराफटक दिसत होता, त्यावरचे केस तरंगत होते. वरून कुणी तरी हसलं. मनालीही हसायच्या बेतात होती. शिवदासच्या मनात आलं, हात खांबासारखा दिसत असेल त्यांना. खांब चुकवतात. म्हणून त्याने तो हलवला.

मनगटाला दोरा लागल्यासारखं वाटलं. ओला, हलका. मग कोपरापर्यंत कुणी तरी तापलेली तार गुंडाळली. शिवदासला शॉक ठाऊक होता. शॉक माणसाला फेकून देतो. हे धरत होतं. त्याच्या तोंडून ओरडणंही निघालं नाही, नुसती हवा निघाली. सगळ्यांनी त्याला मागे खेचलं तेव्हा हातावर काहीच नव्हतं, फक्त मासे धरायच्या गळाच्या दोरीसारख्या चार-दोन चमकत्या रेघा, आणि त्यांच्याखाली कातडी त्यांच्यादेखत लाल होऊन उठत होती.

मनाली शिडीवरून वर कधी आली ते कुणी पाहिलं नाही. तिनेच दिशाला फोन लावला. कुणी तरी बाटलीतलं पिण्याचं पाणी हातावर ओतायला निघालं होतं. फोनमधून दिशा ओरडली, गोडं पाणी नको, चोळू तर मुळीच नको, व्हिनेगर बघा. ते जेवणाच्या टेबलावर मिरच्या घालून ठेवलेलं होतं. मिरच्या बाजूला करत सुलक्षणाने बाटलीच्या बाटली त्याच्या हातावर रिकामी केली. शिवदासला श्वास अर्धाच येत होता. रस्त्याने मालाडला जायला वेळ लागला असता, म्हणून पास्कोलने आपली होडी काढली. होडीच्या मधोमध मनालीच्या मांडीवर डोकं ठेवून शिवदास पलीकडे निघाला. वर्सोव्याच्या काठावरचे दिवे पाण्यात खोल उतरले होते, लांबच लांब खांबांसारखे. तो त्यांच्याकडे बघत होता आणि डोळे मिटायला धजत नव्हता.

अंधेरीच्या एका दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. सुया दिल्या, छातीला तारा लावल्या, आणि सकाळपर्यंत धोका टळला असं सांगितलं. हातावरचे वण शिडीसारखे उठले होते, आडव्या पायऱ्यांसकट. कुंदा डबा घेऊन आली. तिने भावाच्या हाताकडे पाहिलं, मग मुलीच्या पायांकडे, घोट्यापासून वरपर्यंत, बाजारात भाजी पारखावी तशी. मग ती म्हणाली, "जेव आधी. बोलूचा काय ता मागसून." आणि डाव्या हाताने जेवता येईना म्हणून तिने स्वतःच घास भरवला. जोरात भरवला.

दिशा उशाशी उभी होती. सावल्या, खांबाला घातलेला वळसा, सगळं तिने दोनदा विचारून घेतलं. आपल्याकडची कुठली जात ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाली. आणि मग, मनाली आणि कुंदा तिथेच असताना, हळू म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी तेच सांगत होते. तू फोनवर गेलास."

"काय?"

"त्यातल्या बऱ्याच जाती उजेडाकडे येतात. उजेडात बारीक कोळंबी जमते, तिच्या मागे त्या. काही जातींना पकडायला तर दिवाच लावतात."

कुंदाने डब्याचं झाकण लावलं. मनाली बापाच्या जागी असलेल्या ह्या माणसाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते शिवदासला वाचता येईना. दुपारी चार वेळा उतरली तेव्हा काही नव्हतं. ते त्यानेच बोलावलेलं होतं. एकेका पुसट डोळ्याला खुणावून, पोरीच्या पायऱ्यांपाशी गोळा केलेलं. हात जोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडलं. सामान जेट्टीवर तसंच पडलं होतं आणि गोडाउनचा माल सोडून घरी जायची त्याची रीत नव्हती. कुंदा नको म्हणाली. मनाली म्हणाली, मी जाते त्याच्याबरोबर.

ओहोटी लागली होती. जेट्टीखाली पाणी नव्हतं, काळा चिखल होता. दिवा दोरीला लोंबत होता, विझलेला. खांबांमध्ये फ्लेक्स ताणलेला, आणि मागे तिवरांकडे तोंड करून नेता चिखलात हसत होता. दिव्याखालच्या चिखलावर थंडगार काहीतरी सांडल्यासारखं चमकत होतं. मनाली वाकली. शिवदासने तिचा दंड धरला आणि सांगितलं, मेलेलं असलं तरी लागतं. एक गोळा अजून मोडला नव्हता. चौकोनी, बोटभर, पाण्याचाच केलेला. त्याच्या चारी बाजूंना मोहरीएवढे काळे ठिपके होते. मनालीने ते एकदा पाहिले आणि उभी राहिली. असे गोळे शिडीच्या पहिल्या पायरीपासून तिवरांपर्यंत होते.

फोन वाजला. सुलक्षणा होती. तिने आधी हाताची चौकशी केली, मनापासून केली. मग म्हणाली की दिवा लावल्यावर घेतलेले पाण्याचे तुकडे सगळ्यांना फार आवडले आहेत, तो खालचा उजेड तसाच ठेवून पुढच्या आठवड्यात शॉट करायचं चाललंय, दुसरी मुलगी बघताहेत. शिवदासने तिला सगळं सांगितलं, दिशाचं अर्धं वाक्यही. म्हणाला, पाण्यात दिवा लावू नका. ती म्हणाली, सांगते दादा. सांगेल की नाही ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. दुसरी मुलगी कोणाची, हे त्याने विचारलं नाही.

पलीकडे वर्सोव्याच्या काठावर दिवस वर आला तरी दिवे चालूच होते. हॉटेलांचे, नव्या पुलाच्या खांबांचे, होड्यांचे. शिवदास थोडा वेळ तिकडे बघत उभा राहिला. उजव्या हाताची बोटं त्याला अजून आपली वाटत नव्हती.

"मामा," मनाली म्हणाली. केबलचं टोक तिच्या हातात होतं. "ओढू?"

"थांब. आधी चिखल पूस." त्याने डाव्या हाताने फडकं तिच्याकडे टाकलं. "मग एक वळसा सरळ, एक उलटा. नाहीतर पीळ बसतो."

तिने एक वळसा घेतला, मग उलटा. तिसरा चुकला. त्याने तो सोडायला लावला आणि पुन्हा घ्यायला लावला, आणि दोघं केबल गुंडाळत जेट्टीवरून मागे मागे सरकत राहिले.